बॉनेटखालची दोन भोकं

३ एप्रिल

व्याहीबुवा यांस,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही असं सूनबाई सांगते. जन्मभर वजनकाट्यावर ट्रकांच्या धडधडाटात बसून कान गेले, असं तिचं म्हणणं. माझा अनुभव असा की तुमच्या सोयीचं वाक्य तुम्हाला पहिल्या झटक्यात ऐकू येतं. म्हणून कागदावर लिहिते. निदान कागद "काय म्हणालात?" असं विचारत नाही.

लग्नात तुम्ही मुलांना तुमची जुनी गाडी दिलीत. आम्ही मागितली नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. मुलं बदलीवर गेली, गाडी माझ्या दारात राहिली. मला वाटलं, बरं झालं. ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झाल्यापासून मी हॉस्पिटलची घरभेटीची फेरी करते. अंथरुणाला खिळलेल्यांची ड्रेसिंगं, इंजेक्शनं, नळ्या बदलणं. एका घरून दुसऱ्या घरी, दुसऱ्याहून तिसऱ्या. बसनं हे होत नाही.

तर तुमची गाडी सकाळी शहाण्यासारखी सुरू होते. पहिल्या घरी नेते. तिथं मी माझं काम आटपून बाहेर येते, किल्ली फिरवते आणि म्हातारी अडून बसते. तासाभरानं, तिची मर्जी लागली की, काही न झाल्यासारखी सुरू. थंडीत हे एखाद्या वेळी व्हायचं, आता ऊन तापल्यापासून रोज. मेट्रननं मला बजावलंय की पेशंटांच्या तक्रारी अशाच येत राहिल्या तर फेरी स्कूटरवाल्या नव्या पोरीला देईन. ही फेरी गेली तर मी घरात भिंती मोजत बसेन. ते मला जमायचं नाही.

लग्न ठरवायला आलो तेव्हा याच गाडीत बसताना मी म्हटलं होतं, हिला फोडणीचा वास येतो, ही गाडी आहे की फिरतं स्वयंपाकघर. सगळे हसले होते. तेव्हाच नीट बघायला हवं होतं. काय दडवून दिलीत ते कळवा.

सूनबाईची सासू


९ एप्रिल

विहीणबाई यांस,

पत्र मिळालं. थंड डोक्यानं उत्तर द्यावं म्हणून एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशीही डोकं तापलेलंच. गाडीत आणि माझ्यात फरक एवढाच की मी तापलो की लगेच सुरू होतो.

ती गाडी माझ्या हाती होती तोवर एकदाही रस्त्यात अडली नाही. उन्हात नाही, चढावर नाही, टाकीतळाच्या घाण पेट्रोलवरसुद्धा नाही. तुमच्या दारात गेली आणि आजारी पडली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असं.

तुम्ही गरम इंजिनाला चोक ओढत असणार. चोक सकाळी, थंडीत, तेवढ्यापुरता. गरम असताना ओढलात तर इंजिनाच्या नाकातोंडात पेट्रोल जातं आणि ते गुदमरतं. वर तुम्ही पाय आपटून ॲक्सिलरेटर दाबत असणार, कारण तुमचा एकूण स्वभाव मी लग्नात पाहिला आहे. आधी हे सांगा की किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतं का नुसतं टक् करून गप्प बसतं. फिरत असेल तर जोरात की रडत. पेट्रोलचा वास येतो का. वास येत असेल तर चूक तुमच्या हाताची.

दडवलेलं काही नाही.

मुलीचा बाप


१६ एप्रिल

व्याहीबुवा यांस,

मी उभी हयात डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून काढली. लक्षणं विचारण्याआधीच निदान ठरवणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. त्यांचे पेशंटही पाहिले.

विचारलंत म्हणून सांगते. किल्ली फिरवल्यावर इंजिन जोरात फिरतं, रडत नाही, बॅटरी ठणठणीत. पण पेट घेत नाही. चोकला मी हात लावत नाही. सूनबाईनं जाताना तेच सांगितलं होतं आणि ती पोरगी बापापेक्षा नीट समजावते. पेट्रोलचा वास अजिबात नाही. उलट मला असं वाटतं की तिला पेट्रोल मिळतच नाही. तोंड उघडून बसलेल्या पण घास न मिळालेल्या माणसासारखी ती धापा टाकते.

गॅरेजवाल्यानं आधी कॉईल बदलली. म्हणाला, "बाई, गरम झाली की ठिणगी मरते, जुन्या गाडीत हेच असतं." पुढल्या आठवड्यात कंडेन्सर बदलला, तेव्हा म्हणाला, जुन्या गाडीत हेच असतं. मग मी त्याला सांगितलं की प्लग बाहेर काढ आणि गाडी अडलेली असताना माझ्यासमोर ठिणगी दाखव. निळी, टपोरी ठिणगी पडली. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. म्हणजे ठिणगी आहे, गाडी नाही.

आणि एक. बॉनेट उघडल्यावर सायलेन्सरच्या तापलेल्या तोंडाच्या वर, बाजूच्या पत्र्यात दोन भोकं आहेत. बोल्टची. त्यांच्याभोवती चौकोनी पट्टा आहे, तिथला रंग नवा कोरा, बाकी सगळं काळवंडलेलं. तिथं काय होतं?

सूनबाईची सासू


२१ एप्रिल

विहीणबाई यांस,

ठिणगी तपासलीत हे बरं केलंत. तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.

ठिणगी असेल, वास नसेल आणि इंजिन जोरात फिरत असेल, तर पेट्रोल नळीतच उकळत असणार. काट्यावर येणारे जुने ड्रायव्हर सांगायचे. गाडी चालती असते तोवर वारा लागतो आणि पेट्रोलही वाहतं असतं. उभी केली की खालची धग वर चढते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. तो बिचारा हवा खात बसतो. हे खरं की खोटं पाहायचं तर गाडी अडली की पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. वरून थंड पाणी सोडा. थोड्या वेळात सुरू झाली तर तेच. नाही झाली तर कार्बोरेटर उघडावा लागेल आणि तुमच्या गॅरेजवाल्याला तो उघडू देऊ नका.

भोकांचं विचारलंत. तिथं काही नव्हतं. कंपनीतूनच तशी येतात.

मुलीचा बाप


२८ एप्रिल

व्याहीबुवा यांस,

पेशंटला ताप होता. मी पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला.

फेरीतल्या शिवणवाल्या बाईंच्या दाराशी गाडी अडली. मी त्यांच्याकडून बादली आणि जुन्या चादरीचा तुकडा मागून घेतला. भर रस्त्यात बॉनेट उघडून गाडीच्या कपाळावर पट्ट्या बदलत उभी राहिले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एकानं विचारलं, "सिस्टर, थर्मामीटर नाही लावला?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही. पण किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. तुमचं निदान बरोबर निघालं. चांगली गोष्ट वेळेवर कबूल करायची मला सवय आहे. तुम्हाला आहे का ते पुढं कळेलच.

आता मला सांगा. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तोंडावर लोंबते आहे. बोट घालायला जागा नाही. ती आधीही अशीच लोंबत असती तर तुमच्या काळातही गाडी अडली असती. तुम्ही शपथेवर सांगता की कधी अडली नाही. म्हणजे दोहोंपैकी एक: एक तर ती अडत होती आणि तुम्ही खोटं बोलता, किंवा त्या भोकांत काहीतरी होतं आणि तुम्ही खोटं बोलता. तुम्हाला कुठलं पसंत?

कंपनीची भोकं गोल असतात, हे मला गॅरेजवाल्यानंच दाखवलं. ही हातानं पाडलेली आहेत. एक तर जवळजवळ अंड्यासारखं आहे.

सूनबाईची सासू


४ मे

विहीणबाई यांस,

जुन्या गाडीच्या अंगावर भोकं असतात. माणसाच्या अंगावर व्रण असतात तशी. तुम्ही आलेल्या प्रत्येक पेशंटला व्रणाची जन्मकथा विचारत बसत होतात का?

काम करायचं असेल तर असं करा. गॅरेजवाल्याकडून जाड पत्र्याचा तुकडा कापून घ्या. लांबी एक वीत आणि वर चार बोटं, रुंदी वीतभराला थोडी कमी. खालची कड आत वळवून घ्यायची, नाहीतर हात कापतो. तो नळी आणि सायलेन्सर यांच्या मधे उभा करा. ती दोन भोकं आयती आहेतच, तिथं कसा. धग अडेल.

आणखी पत्रव्यवहाराची गरज पडू नये.

मुलीचा बाप


९ मे

व्याहीबुवा यांस,

पत्रा बसवला. गाडी पूर्वीपेक्षा कमी अडते. पण अडते.

गरज पडली म्हणून लिहिते. जिथं कधीच काही नव्हतं, तिथल्या पत्र्याचं माप तुम्हाला वीत-बोटांसकट पाठ आहे. खालची कड कुठं हात कापते तेही पाठ. मी तुमच्या मापानं कापून आणला आणि तो त्या कोऱ्या चौकोनावर असा बसला, जसा मापानं शिवलेला झगा. इतकी वर्षं वजनकाट्यावर बसलात, पण खोटं तोलता येत नाही तुम्हाला.

शिवाय त्या चौकोनाच्या कडेला वाळलेले पिवळट डाग आहेत. मला वाटलं, तेल. नखानं खरवडून वास घेतला. इंजिनाचं तेल मला कळत नसेल, पण हळद कळते. गाडीच्या इंजिनात हळद कशी आली, व्याहीबुवा? तिथं काहीतरी चांगलं होतं, ते तुम्ही काढून घेतलंत आणि उरलेलं सोंग आम्हाला दिलंत. काय होतं ते तुम्ही सांगणार नसाल तर मी सूनबाईला विचारते. तिला माहीत असेलच.

सूनबाईची सासू


१३ मे

विहीणबाई,

तिला विचारायचं नाही.

गाडीबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी बोला. मला चोर म्हणा, लबाड म्हणा, बहिरा म्हणा. पोरीला मधे ओढलंत तर मी स्वतः येऊन गाडी ढकलत परत नेईन आणि तुम्ही पायी फिरा. पत्रा आणखी जाड घ्या. नळीभोवती सुतळी गुंडाळून ओली ठेवा. पुष्कळ उपाय आहेत.

मुलीचा बाप


२५ मे

व्याहीबुवा यांस,

विचारलं.

शनिवारी सूनबाईचा फोन आला तेव्हा सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काय गं, गाडीच्या बॉनेटखाली तुमच्याकडे काय बसवलेलं होतं?" ती म्हणाली, "मला नाही माहीत, आई." इतक्या घाईनं म्हणाली, की प्रश्न संपायच्या आधी उत्तर आलं. मग लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी. माझ्या गुडघ्यांची तिला एरवी कधी आठवण येत नाही. तेव्हा कळलं की बापलेक दोघंही सामील आहात. तुमच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. तिच्याकडून होती.

आता काय झालं ते ऐका. मंगळवारी इथं अंगाची लाही होत होती. फेरीत एक मास्तर आहेत, कमरेखाली हालचाल नाही, लघवीला नळी लावलेली. त्यांची नळी तुंबली. बायकोनं मला फोन केला तेव्हा मी शिवणवाल्या बाईंकडे होते. बाहेर आले, किल्ली फिरवली. नाही. तुमचा पत्रा होता, सुतळी होती, पट्ट्या ठेवल्या. पट्टी ठेवायचा अवकाश, वाळून जात होती. नळी तशीच खाली लोंबून तापत होती. गाडीची एक नळी तुंबलेली, तिकडे माणसाची एक, आणि मी दोन्हींच्या मधे बादली घेऊन उभी. शेवटी एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून गेले. मास्तर कधी कुणावर आवाज चढवत नाहीत. त्यांचा ओरडण्याचा आवाज मला जिन्यातच ऐकू आला. नळी बदलल्यावर ते शांत झाले आणि मला म्हणाले, "सिस्टर, उन्हातून आलात, पाणी घ्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेट्रननं सांगितलंय: पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत वाहन ठीक करा, नाहीतर फेरी सोडा.

तुमचं गुपित तुम्हाला लखलाभ. मास्तरांना काय सांगू ते तेवढं कळवा.

सूनबाईची सासू


३० मे

विहीणबाई यांस,

सोबतच्या पार्सलात जे आहे ते त्या दोन भोकांत होतं. मास्तरांचं वाचलं म्हणून पाठवतो आहे. तुमच्यासाठी नाही.

तो पत्र्याचा कप्पा मी स्वतः वाकवून केला. त्यात जेवणाचा डबा बसतो. मुलीची आई गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. मी पहाटे उठून स्वयंपाक करायचो. काट्यावर विस्तव पेटवायला बंदी, सगळीकडे डिझेल सांडलेलं. म्हणून डबा सायलेन्सरच्या वर ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीत तिला शाळेतून आणायचं, तेवढ्या चकरेत डबा वाफाळायचा. आल्यावर बॉनेट उघडायचं, फडक्यानं डबा काढायचा आणि गाडीतच बसून दोघांनी जेवायचं. डाग तिथले आहेत. वळणावर मी घाई करायचो. ती कॉलेजात गेल्यावरही मी दुपारी एकटाच एक चक्कर मारून डबा तापवत होतो. सवय.

कप्प्याची मागची भिंत उंच आहे, ती धग अडवायची. वर एक कडी आहे, पेट्रोलची नळी मी तिच्यात अडकवली होती, डबा काढताना हाताला लागू नये म्हणून. कप्पा काढला तेव्हा नळी खाली आली. मला ते लक्षातच आलं नाही. तुमच्या ओल्या फडक्याच्या पत्रानंतर आलं. तुम्हाला पत्र्याचं माप दिलं, कडीचं सांगितलं नाही. कडी कशाला होती, हे विचारल्याशिवाय तुम्ही राहिला नसतात. म्हणून पत्र्यानं अर्धंच काम झालं.

आता काढला का, ते. तुम्ही लग्न ठरवायला आलात. स्टेशनवरून मीच आणलं. तुम्ही काच खाली करून म्हणालात की गाडीला फोडणीचा वास येतो, फिरतं स्वयंपाकघर आहे. सगळे हसले. मीही हसलो, पाहुण्यांसमोर हसावं लागतं. मुलगी हसली नाही. तुम्ही गेल्यावर म्हणाली, "बाबा, गाडी आम्हाला द्यायची असेल तर तो कप्पा काढून टाका. आपण असे जेवायचो हे त्यांना कळलं तर जन्मभर ऐकवतील."

मी म्हटलं, काय ऐकवतील? तर म्हणाली, "तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

आलं होतं.

तुमच्या पहिल्याच पत्रात तेच वाक्य पुन्हा आलं. पोरीचा अंदाज चुकला नव्हता. ती लबाड नाही, विहीणबाई. ती तुम्हाला घाबरते. हे तिला कळलं की मी तुम्हाला सांगितलंय, तर ती माझ्याशी बोलायची नाही. तेव्हा आता माझं सगळं वजन तुमच्या काट्यावर आहे. काय करायचं ते करा.

कडीत नळी अडकवल्याशिवाय बोल्ट आवळू नका.

मुलीचा बाप


१० जून

व्याहीबुवा यांस,

कप्पा बसवला. गॅरेजवाल्यानं उलटा धरला होता, मी सुलटा करायला लावला. नळी कडीत अडकवली. आठवडाभर रोज फेरी केली, एका दिवशी तर मुद्दाम, उन्हात, शिवणवाल्या बाईंच्या दाराशी इंजिन चांगलं तापवून बंद केलं, आत गेले, त्यांची सगळी दुखणी ऐकून बाहेर आले. किल्ली लावली आणि गाडी लगेच सुरू झाली. मेट्रनच्या टेबलासमोरच्या खिडकीखाली नेऊन तीनदा बंद-चालू करून दाखवली. ती म्हणाली, "कळलं, बाई, आता आवाज पुरे." फेरी माझ्याकडे आहे. मास्तरांना मी सांगितलं की गाडीचा एक भाग माहेरी राहिला होता, तो आला.

आता दुसरं. तुमच्यावर माझा राग आहे तो आहेच. कडीचं लपवलंत त्याचा आहे, आणि तो मला ठेवायचाच आहे. ते वाक्य मी बोलले होते. मजेत बोलले होते. मजेत बोललेलं आहे म्हणून ते कमी लागतं असं नाही, एवढं मला कळतं. माझा व्यवसायच सुया टोचण्याचा होता. फक्त माझे पेशंट बेशुद्ध असायचे. टोचल्यावर कुणाचा चेहरा कसा होतो, हे बघायची वेळ आली नाही.

ती मला घाबरते हे मी तुमचं पत्र येईपर्यंत शहाणपण समजत होते. म्हणायचे, पोर शांत आहे, उलट बोलत नाही. त्या दिवशी फोनवर माझ्या गुडघ्यांची चौकशी का केली, हे आत्ता कळलं. गुडघ्यांवरून मी तिला कधी ओरडू शकत नाही.

पंचवीस तारखेला ती आठवडाभर येते आहे. एकटीच, मुलाला सुट्टी नाही. स्टेशनवर मी जाणार, याच गाडीनं. कप्प्यात डबा असेल. गेले काही दिवस मी फेरीत मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून गरम जेवते. इतकी वर्षं गार डबा खाल्ला, हे सुख माहीत नव्हतं. गाडीला फोडणीचा वास येतो. काचा बंद ठेवणार आहे. ती बसली की तिला वास येणारच. आधी ती बोलली तर बरं. नाही बोलली तर मला बोलावं लागेल, आणि काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्ही तिला आधी काही कळवायचं नाही. कळवलंत तर मात्र खरंच माझ्याशी गाठ आहे.

सूनबाईची सासू

ता. क. माझा डबा तुमच्या कप्प्यात सैल बसतो. वळणावर असा खडखडतो की लोक वळून बघतात. तुमचा डबा पाठवा. झाकणासकट.


१६ जून

विहीणबाई यांस,

डबा पाठवला आहे. परत हवा. पोचा आहे तो पूर्वीचा, तुमच्यावर आळ घेणार नाही.

वळणं सावकाश घ्या. तुमच्यासारख्यांना हे सांगून उपयोग नसतो, तरी.

झाकण फार घट्ट बसतं. चमच्यानं उचकटू नका, कड वाकेल. तुम्हाला ते उघडता येणार नाही. मुलीला म्हणावं, तू उघड. तिला युक्ती माहीत आहे.

मुलीचा बाप